सिस्टरांच्या शाळेत एक सत्र

बार्देश तालुक्यातील आमच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेचे छप्पर २०२४ सालच्या जून महिन्यात एका रविवारी रात्री खचले. वाळवीने पोखरलेले दोन वासे मोडले आणि त्यांवरची मंगलोरी कौले थेट तिसरीच्या बाकांवर येऊन पडली. दुरुस्तीचा अर्ज आम्ही त्यापूर्वी दोन पावसाळे केला होता. तो कोठल्या टेबलावर निजला होता, हे येथे लिहून काही साधणार नाही. रविवार होता, एवढी ईश्वराची कृपा!

सोमवारी सकाळी पहिली ते चौथीची सतरा मुले, आमच्या सहकारी बाई आणि आम्ही असे सारे जण छत्र्या उघडून अंगणात उभे होतो. सरपंचांना निरोप गेला होता, वरिष्ठांना फोन झाला होता, आणि आता पुढे काय, या विवंचनेत असताना चर्चच्या बाजूने पांढऱ्या झग्यातील एक वृद्ध सिस्टर चिखल तुडवीत येताना दिसल्या. शेजारच्या पॅरिश शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. गेली अकरा वर्षे आम्ही एकाच रस्त्यावर शाळा चालवीत होतो, आणि आमचा परस्परांशी परिचय नमस्कारापलीकडे कधी गेला नव्हता. खरे सांगायचे तर आमच्या मनात त्यांच्याविषयी एक अढी होती. आमची पटसंख्या चौऱ्याहत्तरावरून सतरावर आली ती त्यांच्याच फाटकातून, असा आमचा हिशेब होता.

"भुरगीं पावसांत कशीं बसतलीं, सर?" एवढेच त्या बोलल्या. चर्चमागील दोन खोल्या, जेथे रविवारी दोत्रीनीचे, म्हणजे धर्मशिक्षणाचे, वर्ग भरत, त्यांच्या किल्ल्या त्यांनी आमच्या हाती ठेवल्या. वरिष्ठांची लेखी अनुमती दोन दिवसांनी आली. मुले त्याच दिवशी दुपारी तेथे बसून पाढे म्हणत होती.

पहिला प्रश्न प्रार्थनेचा निघाला, आणि तो आमच्या पालकांनीच काढला. त्या शाळेचा दिवस प्रभूच्या प्रार्थनेने सुरू होई. आमच्या मुलांनी तेथे हात जोडून उभे राहावे काय? एका पालकांनी तर आम्हांस संध्याकाळी घरी येऊन बजावले, की छप्पर नसले तरी चालेल, पण हे चालणार नाही. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलास धार्मिक उपासनेत सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही, असे आपल्या संविधानाचा अठ्ठाविसावा अनुच्छेद सांगतो. आम्ही तो त्यांना वाचून दाखविला आणि दुसऱ्या दिवशी संकोचत सिस्टरांकडे विषय काढला. त्यांना तो अनुच्छेद आमच्याहून चांगला ठाऊक होता. त्यांनी सुचविले, की आमच्या मुलांनी आपली प्रार्थना आपल्या व्हरांड्यात आपल्या पद्धतीने म्हणावी, आणि राष्ट्रगीताला सर्वांनी मैदानात एकत्र यावे. पाऊस असेल त्या दिवशी त्यांची मुले हॉलमध्ये उभी राहत आणि आमची व्हरांड्यात. दोन्ही प्रार्थना एकाच वेळी चालत. प्रारंभी कोण मोठ्याने म्हणतो याची चढाओढ लागली. आमच्या बाईंनी दटावल्यावर ती थांबली. जुलै महिन्यात आमच्या ध्यानी आले, की त्यांची मुले आमची प्रार्थना संपेपर्यंत गप्प उभी राहू लागली आहेत. हे कोणी शिकविले, ते आम्ही विचारले नाही.

दुपारी बाराला चर्चची घंटा वाजे. ती आंजेलुसची घंटा. त्या क्षणी ती सारी शाळा जेथे असेल तेथे थबके, खडू फळ्यावर टेकलेला, पाय जिन्यावर उचललेला. आमच्या पहिलीतील एका मुलाने हे प्रथम पाहिले तेव्हा तो हातातील पावाचा तुकडा तसाच धरून मिनिटभर पुतळ्यासारखा उभा राहिला आणि नंतर आम्हांला कुजबुजत्या स्वरात विचारता झाला, "सर, आता हलू का?"

कॅथलिक शाळेतील पहिले सत्र म्हणजे पावसाबरोबर चालणारी सणांची आणि उपक्रमांची एक माळच असते. चोवीस जूनला सांज्यांव आला. तरुण मंडळी डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून विहिरींत उड्या मारतात तो हा सण. शाळेत अर्थातच विहीर नव्हती. कोपेल मात्र करायचे होते. त्यांची बरीच मुले बाजारातून प्लॅस्टिकची फुले घेऊन आली. आमच्या मुलांनी कुंपणावरच्या रानवेली ओढून अर्ध्या तासात जे कोपेल विणले, ते पाहून बालवर्गाच्या टीचरांनी त्यांना आपल्या वर्गात शिकवायला नेले. आमच्या मुलांना दुसऱ्या शाळेत 'शिकवायला' बोलावणे आले, तो तो दिवस! घरी जाताना त्यांची चाल निराळीच होती.

मग तांबडे, निळे, हिरवे, पिवळे अशा चार गटांत साऱ्या मुलांची वाटणी झाली. सिस्टरांनी आमची सतरा मुलेही त्या चार गटांत वाटून टाकली. चिठ्ठ्या टाकून गटनायकांची निवडणूक झाली, तिचा शपथविधी झाला, आणि भर पावसात चिखलाने माखून फुटबॉलचे सामनेही झाले. आमच्या शाळेत हे काही का नव्हते, असे आम्ही स्वतःस विचारले. मुले कमी, हे उत्तर तयारच होते. पण सतरा मुलांचेही दोन गट पडतात, हे आम्हांस अकरा वर्षांत सुचले नव्हते. जुलैमध्ये अतिवृष्टीच्या सुट्ट्या पडल्या आणि अभ्यास मागे राहिला. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

गाण्याविषयी मात्र लिहिले पाहिजे. गुरुवारी एक वृद्ध मेस्त व्हायोलिन घेऊन येत आणि चौथीच्या मुलांकडून स्वर घोटून घेत. गोव्याच्या पॅरिश शाळांना ही परंपरा पोर्तुगीज अमदानीपासून आहे. चर्चमध्ये गायक-वादक हवेत म्हणून गावोगावी या शाळांतून अक्षरओळखीबरोबर स्वरलिपीही शिकविली जाई. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पुढे जे गोमंतकीय वादक नावारूपास आले, त्यांची मुळे याच परंपरेत आहेत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य, आणि १९७७ सालच्या एका लोकप्रिय चित्रपटगीतात गुरूचे नाव घराघरांत पोहोचले. आमच्याकडे भजनाची परंपरा तितकीच खोल. पण आमच्या मुलांना टाळ धरता येत असे, तो घरी आजोबांकडून शिकल्यामुळे, शाळेमुळे नव्हे. ऑगस्टमधील एका गुरुवारी मेस्तांनी आमच्या चौथीतील एका मुलीस पेटीवर अभंगाची चाल वाजवायला लावली आणि डोळे मिटून ती कागदावर उतरवून घेतली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ती व्हायोलिनवर वाजविली, तेव्हा ती मुलगी लाजून बाकाखाली दडली.

आता सत्रातील त्या तासाकडे वळतो, ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जात, तेव्हा उरलेल्या मुलांसाठी मूल्यशिक्षणाचा तास असे. ही उरलेली मुले त्या शाळेत निम्म्याहून अधिक होती, आणि त्यांतील बहुतेकांची आडनावे आमच्या जुन्या हजेरीपटांतील होती. सिस्टरांनी हा तास आम्हांस घेण्याची विनंती केली. आम्ही पंचतंत्रातील गोष्टी सांगितल्या. मुले रंगून ऐकत. एकदा आम्ही गोष्ट न सांगता पुस्तकच पुढे ठेवले. ती वाचत होती, त्यांना मराठी विषय होता. पण जोडाक्षर आले की पाय घसरल्यासारखी थांबत, आणि ओळ संपेपर्यंत अर्थ हरवून जाई. त्यांतील एका मुलाचे आजोबा आमच्या गावच्या मंदिरात श्रावणात पोथी वाचतात. गोव्यातील आमच्या घरांची रीत वाचकांना ठाऊक आहेच. बोलणे कोंकणीत, पोथी मराठीत. त्या मुलाला आम्ही विचारले, आजोबांची पोथी ऐकतोस का? तो म्हणाला, ऐकतो, पण ती आजोबांची भाषा आहे.

हे वाक्य आम्ही कोणास ऐकवावे? ज्या फादरांच्या शाळेत ते उच्चारले गेले, त्यांनाच ऐकविले. ते उठले आणि कपाटातून ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती काढून आणली. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले, येथली भाषा शिकले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते पुराण त्यांनी मराठीत रचले. १६१६ साली रायतूर येथे ते रोमन लिपीत छापले गेले. ज्या राजवटीत हे घडले त्याच राजवटीने १६८४ साली येथल्या भाषेवर फर्मान काढून ती तीन वर्षांत टाकून द्या असे बजावले, हेही आम्ही फादरांना बोलून दाखविले, आणि त्यांनी ते नाकारले नाही. त्यांची अडचण निराळीच होती. सेमिनरीत असताना त्यांनी हे पुराण हाती घेतले होते, पण ओवी त्यांच्या जिभेवर बसेना. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत दर शनिवारी दुपारी आम्ही दोघे चर्चच्या पडवीत बसून ते वाचीत असू. मराठीची एम. ए. पदवी घेतलेल्या आम्हांला त्यातील ओव्यांचा छंद ओळखीचा होता, प्रसंग अनोळखी. त्यांना नेमके उलट.

त्या वर्षी पंचांगाने मोठी मौज केली. सात सप्टेंबरला गणेशचतुर्थी आणि लगेच आठला मोंती सायबिणीचे फेस्त! तीस ऑगस्टपासून फेस्ताचे नोव्हेन सुरू झाले. लहान मुले रोज फुले आणून मातेच्या मूर्तीपुढे वाहत. आमच्या गावात श्रावणभर पत्री-फुले वेचणारी मुले ती आमचीच. कोठल्या कुंपणावर काय फुलते हे त्यांना पाठ. तीच फुले दोन्हीकडे जाऊ लागली, आणि एका सकाळी दोन मुली तेरड्याच्या एकाच झुडपासाठी भांडत आमच्यापुढे उभ्या राहिल्या, एकीला सायबिणीसाठी हवी, दुसरीला आईच्या पूजेसाठी. आम्ही न्यायनिवाडा केला नाही. सुट्टी लागण्यापूर्वी सिस्टरांनी हॉलमध्ये माटोळी बांधवून घेतली. गणपती नाही, केवळ माटोळी, निसर्गाचा पाठ म्हणून. नारळ, सुपारीचे घोस, तवशी, निरफणस, आंबाडे, कांगले अशा प्रत्येक वस्तूखाली मुलांनी नाव लिहिले, मराठीत, कोंकणीत, इंग्रजीत. कांगल्याचे इंग्रजी नाव कोणालाच सापडले नाही. ती चिठ्ठी कोरीच राहिली.

सुट्टीनंतर तीन पालक आमच्याकडे आले. अतिशय अदबीने आले. मुलांना येथेच आवडते, पुढील वर्षी दाखला मिळेल का, असे त्यांनी विचारले. शिक्षणहक्क कायद्यान्वये दाखला नाकारता येत नाही, विलंबही करता येत नाही. तसे आम्ही सांगितले. तरी मन राहवेना म्हणून मातृभाषेतून शिक्षणाचे महत्त्व सांगू लागलो. त्यांतील एक भगिनी आमचे बोलणे पुरते ऐकून घेऊन शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमची मुलगी कुठे शिकली?"

आमची कन्या म्हापशाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकली. पहिलीपासून. हे गावात सर्वांना ठाऊक आहे. आम्ही ते कधी कोठे लिहिले नव्हते. त्या वेळी घरातील मंडळींचा आग्रह होता, शेजाऱ्यांची मुले जात होती, आणि सरकारी शाळेत तिला शिकविणारे आम्हीच असतो, तर इतरांना ते पक्षपाताचे वाटेल, असे एक सोयीचे कारणही आम्ही शोधले होते. आज ती बंगळूरला असते. आमचे लेख तिला आम्ही फोनवर वाचून दाखवितो. त्या भगिनींना आम्ही उत्तर दिले नाही. दाखल्यासाठी अर्ज कसा करायचा ते सांगितले.

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. सत्रान्त परीक्षाही त्याच महिन्यात. तीन ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिल्याची वार्ता आली. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी राष्ट्रगीतानंतर ती स्वतः जाहीर केली, आणि साऱ्या शाळेने टाळ्या वाजविल्या. आमची सतरा मुले अभिमानाने इकडेतिकडे पाहत होती. आम्ही पायांतील वाहाणांकडे पाहत होतो.

दिवाळीपूर्वी आमचे छप्पर पुरे झाले. नोव्हेंबरात आम्ही परतलो, सतरा मुलांनिशी. जून २०२५ मध्ये तिघे गेले, चौथीचे चौघे पुढे गेले, पहिलीत दोघे आले. बारा उरले. त्यांचे दोन गट केले आहेत, तांबडा आणि निळा. गुरुवारी मेस्त येतात, आधी तिकडे, मग आमच्याकडे. मानधनाची तरतूद नाही म्हणताच ते म्हणाले, पेटीवरच्या त्या मुलीची आणखी एक चाल उतरवून घ्यायची राहिली आहे. ती मुलगी आता पाचवीत, गावाबाहेरच्या शाळेत जाते. तरी गुरुवारी येते.

आणि शुक्रवारी दोन वाजता आम्ही सिस्टरांच्या शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला जातो. गोष्ट आम्ही अर्धीच सांगतो. उरलेली मुलांनी वाचायची. पोथीवाल्या आजोबांचा नातू आता जोडाक्षरावर थांबतो, पण पुढे जातो. गेल्या श्रावणात आजोबांनी त्याला एका सोमवारी मंदिरात शेजारी बसवून चार ओव्या वाचायला दिल्या होत्या. त्यातील एक चुकली, असे तो आम्हांला आपण होऊन सांगत होता.