खडकात किती, आडात किती

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. भूजलाचा अभ्यास करणारा माणूस एक पायरी आणखी मागे जातो. खडकात नाही तर आडात कुठून येणार? आणि खडकात किती आहे हे विचारायचं तर पुन्हा आडाच्याच कठड्याशी यावं लागतं.

पहिलं मोजमाप अगदी साधं. पोलादी टेपचा खालचा भाग खडूने माखायचा, ती आडात सोडायची, कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेशी एक पूर्ण आकडा धरायचा आणि वर ओढायची. खडू जिथवर भिजला तो आकडा वजा केला की पाणी किती खाली आहे ते कळतं. त्यातून कठड्याची उंचीही वजा करायची. हल्ली पाण्याला टेकताच आवाज करणारी तार वापरतात, पण पथ्य तेच: खूण बदलायची नाही आणि उपसा चालू असताना मोजायचं नाही. पुण्यात मुख्यालय असलेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा घेते.

मात्र पातळी म्हणजे साठा नव्हे. पुण्याखालचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, थरावर थर रचलेला. विहीर खोदणारे त्याला आपल्या नावांनी ओळखतात. वर मुरूम, मग कुठे मऊसर मांजऱ्या, कुठे टणक काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या गेरूचा पट्टा. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यातल्या भेगांत आणि पाषाणाला जिथे चिरा गेल्यात तिथे. असा पाणी धरणारा आणि वाहू देणारा थर म्हणजे जलधर. आपल्या बेसाल्टची साठवण साधारण २ टक्के धरतात. म्हणजे एक घनमीटर खडक निथळला, तर हाती येतं २० लिटर पाणी. नदीकाठच्या वाळूत हेच प्रमाण कितीतरी जास्त असतं. म्हणून इथल्या विहिरी चांगला पाऊस झाला की भराभर चढतात आणि उन्हाळ्यात तशाच उतरतात. लोकांना वाटतं, पाणी फार आलं. भांडंच लहान आहे.

जलधर पाणी किती वेगाने देतो हे कळायला विहीर उपसून पाहावी लागते. अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स थाइस यांनी १९३५ मध्ये, घन पदार्थातून उष्णता कशी पसरते त्या गणिताच्या आधारे, उपशाने पातळी कशी घटत जाते याचं सूत्र मांडलं. पण त्या सूत्रातली विहीर सुईसारखी बारीक आहे, आणि आपल्या विहिरी ऐसपैस. ४ मीटर व्यासाची विहीर घ्या. तासाभरात १५,००० लिटर उपसलं आणि पातळी १ मीटर उतरली. त्यातलं सुमारे १२,५०० लिटर तर विहिरीत आधीच साठलेलं होतं. खडकाने दिलं फक्त अडीच हजार. पंप थांबवल्यावर पुढच्या १५ मिनिटांत पाणी १० सेंटिमीटर चढलं, तर ते सुमारे १,२५० लिटर मात्र नक्की खडकाचं. म्हणूनच मला उपशापेक्षा हे भरणं अधिक बोलकं वाटतं. रुंद विहिरीच्या पोटातलं पाणी हिशेबात धरणारं सूत्र पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये दिलं.

मग बोअरवेलमध्ये का मोजू नये? मोजावं, पण जपून. केसिंग बहुधा वरच्या मऊ थरापुरतंच असतं. खाली बोअर दोन-तीन जलधर एकाच नळीत जोडते. कान दिला तर काही बोअरमध्ये वरच्या थराचं पाणी खाली पडताना ऐकू येतं. अशा ठिकाणची पातळी कोणत्याच एका थराची नसते. आड मात्र उथळ जलधराशीच बोलतो.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हा पेठांतल्या आड-विहिरींनी पुणेकरांना पाणी दिलं. आज वाड्याच्या जागी इमारत उभी राहते तेव्हा बऱ्याचदा आड राडारोड्याने बुजवतात. माझ्या मते ही शहराची मोठी हानी आहे, कारण त्या आडाबरोबर खडकात डोकावायची जागाही जाते.

तुमच्या सोसायटीत आड उरला असेल, तर त्यावर भक्कम जाळी बसवा, कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि मेअखेरीस व ऑक्टोबरमध्ये, सकाळी पंप लावण्याआधी, पातळी वहीत लिहा. समजा पाणी ३ मीटर चढलं. त्याचे २ टक्के म्हणजे ६० मिलिमीटर. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यातला एवढा आडाभोवतीच्या खडकात ऑक्टोबरपर्यंत टिकला.