आडव्या पेटीतला हिवाळा

बर्लिनमध्ये रेल्वेरुळांच्या कडेने, कालव्यांच्या काठाने आणि शहराच्या वेशीवर छोट्या बागांच्या वसाहती पसरलेल्या आहेत. नगरपालिकेच्या किंवा रेल्वेच्या जागेवर भाड्याने घेतलेला दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा, त्यात एक लाकडी खोपटं, सफरचंदाचं झाड, बटाट्याचे वाफे. असे सत्तर हजारांच्या आसपास तुकडे या शहरात आहेत. त्यातल्या बऱ्याच बागांमध्ये मधपेट्या दिसतात आणि अधूनमधून त्यात एखादी वेगळीच पेटी असते. उभ्या मनोऱ्यासारखी रचलेली नाही, तर जमिनीला समांतर, साडेतीन-चार फूट लांब, चार पायांवर उभी, वर बिजागरीचं झाकण. धान्य ठेवायचा जुना पेटाराच वाटावा.

झाकण उचललं तरी माशा दिसत नाहीत. आधी हाताला लागते ती मेंढीच्या लोकरीची नाहीतर भांगेच्या तंतूंची जाड उशी. तिच्याखाली मेणाने आणि प्रोपोलिस या चिकट डिंकाने कडक झालेलं कापड. ते एका कोपऱ्यातून हळूच सोलायचं, की चौकटींच्या वरच्या पट्ट्या ओळीने दिसतात. वीस-बावीस चौकटी एकाच मजल्यावर, एकाच रांगेत. वापरात नसलेला भाग एका उभ्या फळीने बंद केलेला. वसाहत वाढली की फळी सरकवायची, आटली की पुन्हा मागे आणायची. मधाने भरलेला पंचवीस किलोचा मजला उचलून खाली ठेवायचा प्रकारच इथे नाही. पाठदुखीने हैराण झालेले कितीतरी मधपाळ आडव्या पेटीकडे वळतात ते याच कारणाने. बाकीचं तत्त्वज्ञान मागाहून येतं.

मधमाशी हिवाळ्यात झोपत नाही. बाहेरचा पारा दहा-बारा अंशांखाली गेला की माशा एकमेकींना बिलगून एक गोळा बनवतात. गोळ्याच्या बाहेरच्या थरात तापमान दहा अंशांच्या आसपास राहतं, आत वीसच्या पुढे. राणीने अंडी घालायला सुरुवात केली की आतला भाग पस्तीसपर्यंत न्यावा लागतो. पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवून माशा ही ऊब तयार करतात. इंधन एकच, मध. ऑगस्ट-सप्टेंबरात जन्मलेल्या या हिवाळी माशा पाच-सहा महिने जगतात. उन्हाळ्यात जन्मलेल्या त्यांच्या बहिणींना जेमतेम सहा आठवडे मिळतात. उन्हाळ्यातल्या चाळीस हजारांच्या वसाहतीतून हिवाळ्यात दहा-पंधरा हजारच उरतात आणि त्यांना मार्चपर्यंत पंधरा ते वीस किलो साठा लागतो.

आता प्रश्न असा, की गोळा कुठल्या दिशेने सरकणार. उभ्या पेटीत मध डोक्यावर असतो, ऊबही वरच जाते, माशा खात खात वर चढतात. आडव्या पेटीत मध बाजूला असतो. गोळा मधोमध बसला आणि दोन्ही बाजूंना साठा असला, तर माशा एका बाजूने खात टोकाला पोहोचतात. कडाक्याच्या थंडीत त्यांना रिकाम्या पोळ्यांवरून परत येता येत नाही. दुसऱ्या टोकाला आठ किलो मध शिल्लक असताना वसाहत उपाशी मरते. म्हणून सप्टेंबरातच चौकटी लावून घ्यायच्या: दाराजवळ माशा, त्यांच्या एकाच बाजूला सलग मध, आणि मग फळी. या पेटीत हिवाळ्याची सगळी कामं पानगळ सुरू होण्याआधीच उरकावी लागतात. जानेवारीत झाकण उघडून काही दुरुस्त करू म्हणणारा मधपाळ फक्त ऊब घालवतो.

मग ती लोकरीची उशी, ते उष्णतारोधन कशासाठी? थंडीपेक्षा ओल घातक, हे कुठलाही जुना मधपाळ सांगेल. माशांनी एक किलो मध जाळला की सुमारे दोन तृतीयांश लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. झाकण थंड असेल तर ती वाफ तिथेच जमते आणि बर्फाळ थेंब माशांच्या अंगावर पडतात. वरचा भाग उबदार ठेवला तर पाणी बाजूच्या थंड भिंतींवर उतरतं, आणि तिथून माशा ते पितातसुद्धा. त्यामुळे भिंतींपेक्षा झाकणाखालची उशी महत्त्वाची. भिंतींचा हिशोबही सोपा आहे. चार सेंटीमीटर कडक थर्माकोल जेवढी ऊब अडवतो, तेवढी अडवायला पाइनची तेरा-चौदा सेंटीमीटर जाड फळी लागेल. जर्मनीत थर्माकोलच्या उभ्या पेट्या अनेक वर्षांपासून सर्रास वापरतात. आडव्या पेटीचे भक्त मात्र थर्माकोलला नाक मुरडतात आणि दुहेरी फळ्यांमध्ये लोकर भरतात. सुतार पक्षी आणि मुंग्या थर्माकोल पोखरतात, हा त्यांचा एक मुद्दा खरा आहे.

लीड्स विद्यापीठातल्या डेरेक मिचेल यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की पातळ फळ्यांच्या पेटीतून झाडाच्या ढोलीच्या तुलनेत चार ते सात पट जास्त ऊब निसटते. २०२३ मध्ये त्यांनी पुढचा मुद्दा मांडला: गोळा बनवणं ही माशांची आरामाची अवस्था नसून ताणाची अवस्था आहे. मधपाळ शंभर वर्षं ज्याला निसर्गाची किमया म्हणत आले, ती कदाचित आपल्याच पातळ पेट्यांनी लादलेली शिक्षा असेल, असा त्याचा अर्थ. यावर सगळ्यांचं एकमत नाही, पण लोकर भरणाऱ्यांना या मांडणीने भलताच हुरूप आला.

तसा हा विचार या भागाला नवा नाही. तेव्हाच्या प्रशियातल्या सिलेशियात योहान झिएरझोन नावाचा कॅथलिक धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हलवता येणाऱ्या पोळ्यांच्या पेट्या बनवत होता. नरमाशी फलन न झालेल्या अंड्यातून जन्मते, हे त्याने १८४५ मध्ये छापून सांगितलं. त्याच्या जोडपेट्या आडव्याच असत. दोन पेट्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या, म्हणजे मधल्या भिंतीची ऊब दोघींच्या कामी येते. पुढे अमेरिकेतून लँगस्ट्रॉथची उभी पेटी आली. स्वस्त, सुटसुटीत, गाडीवर लादायला सोपी. व्यापारी मधपालनाने तीच उचलली. आडवी पेटी युक्रेनमध्ये आणि रशियात टिकली. तिथली खोल चौकटीची, जाड भिंतींची पेटी फ्योदोर लाझुतिन यांच्या पुस्तकातून पश्चिमेकडे पुन्हा पोहोचली.

एवढं ऐकल्यावर वाटेल की जाड पेटी केली की वसाहत वाचली. पण तसं नाही. बर्लिनच्या उत्तर वेशीला लागून असलेल्या होहेन नॉयनडॉर्फमध्ये मधमाशी संशोधन संस्था आहे. जर्मनीभरच्या मधपाळांच्या बाराशेहून अधिक वसाहतींवर २००४ पासून लक्ष ठेवणारा एक मोठा प्रकल्प झाला. त्याचे निष्कर्ष इथल्या एल्के गेनेर्श आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडले. हिवाळ्यात वसाहती मरण्यामागे त्यांना ठळकपणे दिसलं ते वरोआ या कोळीकिडीचं प्रमाण, तिच्यासोबत येणारे विषाणू, राणीचं वय आणि शरद ऋतूतली वसाहतीची अशक्तता. डिसेंबरात मेलेली वसाहत बहुधा ऑगस्टमध्येच हरलेली असते. म्हणून वरोआ मारायला ऑगस्टमध्ये फॉर्मिक आम्ल आणि डिसेंबरात, पोळ्यात पिल्लं नसताना, ऑक्झॅलिक आम्ल. लोकर कितीही भरा, हे चुकत नाही.

ही वरोआ मूळची आपल्या सातेरी माशीची शेजारीण. सातेरीत ती बहुतेक नरांच्या घरांतच वाढते, शिवाय कामकरी माशा ती अंगावरून झाडून टाकतात, त्यामुळे दोघींचं जमून गेलं आहे. युरोपीय माशीला ही सवय नव्हती. १९७७ मध्ये जर्मनीत ती पहिल्यांदा सापडली आणि तिथलं मधपालन कायमचं बदललं. महाबळेश्वरच्या मध संचालनालयातल्या किंवा मांघर गावच्या मधपाळाला बर्लिनची थंडी परकी वाटेल, पण गणित ओळखीचं वाटेल. त्याचा हिवाळा जून ते सप्टेंबर असतो. धुवाधार पावसात फुलं नाहीत, माशा बाहेर पडत नाहीत, पेटीत ओल साचते, साखरेचा पाक द्यावा लागतो. फरक एवढाच, की सह्याद्रीत पाऊस कधी संपणार हे माहीत असतं. बर्लिनचा हिवाळा हल्ली मधेच उबदार होतो. मग राणी जानेवारीतच अंडी घालू लागते आणि साठा भराभर संपतो.

पेटी न उघडता आत काय चाललंय हे कळायची एक सुरेख सोय आहे. तळाच्या जाळीखाली सरकवलेला पांढरा पत्रा महिन्या-दीड महिन्याने बाहेर ओढायचा. त्यावर मेणाच्या भुकटीच्या समांतर रेघा दिसतात. दोन पोळ्यांमधल्या प्रत्येक वापरातल्या फटीची एक रेघ. पाच रेघा म्हणजे गोळा पाच फटींत बसला आहे. मागच्या वेळेपेक्षा रेघा साठ्याच्या बाजूला सरकल्या तर माशा मधाकडे निघाल्या आहेत. गडद तपकिरी चुरा दिसला तर आतमध्ये पिल्लं बाहेर पडू लागली आहेत. काळ्या लेंड्या दिसल्या तर दाराची सहा-सात मिलिमीटरची फट मोठी झालीय आणि उंदीर आत शिरला आहे. आडव्या पेटीत ही लिपी जास्त स्वच्छ वाचता येते, कारण सगळं एकाच मजल्यावर घडतं.

या शहरात मधाची ददात नाही. रस्त्याकडेच्या सव्वाचार लाखांवर झाडांपैकी तिसरा हिस्सा लिंडनचा, त्याआधी रॉबिनियाचा बहर. कीटकनाशकांनी झोडपलेल्या शेतांपेक्षा इथे माशा सुखात राहतात, असं म्हणतात. २०११ च्या सुमारास ‘बर्लिन झुम्ट’ या मोहिमेने कॅथीड्रलच्या छतापासून नगर विधानसभेपर्यंत पेट्या नेल्या. ‘स्टाटबीनेन’ या संस्थेने बाल्कनीच्या कठड्याला अडकवता येणारी छोटी आडवी पेटी काढली. हौशी मधपाळ इतके वाढले, की आता शहरातल्या सुमारे तीनशे जातींच्या रानमाशांचं खाणं पळवलं जातंय, अशी तक्रार अभ्यासक करतात. तिच्यात तथ्य आहे. पेटी जाड असो की पातळ, मधमाशी हे पाळीव जनावर आहे आणि ती पाळून निसर्ग वाचवतो म्हणणं म्हणजे कोंबड्या पाळून पक्षी वाचवल्यासारखं आहे.

आडव्या पेटीचा एक दोष उघड आहे. ती हलवता येत नाही. रॉबिनिया संपला, आता ब्रांडेनबुर्गच्या सूर्यफुलांकडे जाऊ, हे उभ्या पेटीवाल्याला जमतं. आडवी पेटी जिथे ठेवली तिथेच म्हातारी होते. मध चौकटी-चौकटीने काढावा लागतो, तोही कमीच निघतो.

फेब्रुवारीत हेझल आणि मार्चमध्ये वाळुंजीचे परागकण आत येऊ लागतात. तेव्हा नवखा मधपाळ सुटकेचा श्वास टाकतो आणि जाणता मधपाळ पेटी एका बाजूने उचलून वजनाचा अंदाज घेतो. डिसेंबरात महिन्याला किलोभर खाणारी वसाहत पिल्लं वाढवू लागली की त्याच्या कितीतरी पट मध खाते. दुपारी पारा बारा अंशांवर चढला की कापडाचा एकच कोपरा सोलायचा, फळीपलीकडे राखून ठेवलेली मधाची भरली चौकट गोळ्याला अगदी खेटून लावायची आणि उशी परत ठेवून झाकण मिटायचं.