मेहली मेहतांचा वाद्यवृंद

मुंबईत रीगलच्या चौकातली ती गोल दर्शनी भागाची इमारत आज राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय म्हणून ओळखली जाते. 1911 साली ती बांधली गेली तेव्हा तिचं नाव होतं सर कावसजी जहांगीर हॉल. या हॉलने कामगारांच्या सभा पाहिल्या, मुष्टियुद्धाचे सामने पाहिले, लग्नंही पाहिली. आणि बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या मैफलीही इथे झाल्या.

हा वाद्यवृंद 1935 साली उभा केला मेहली मेहता या पारशी तरुणाने. त्यांचा जन्म मुंबईतच, 1908 चा. व्हायोलिन बरंचसं स्वतःच्या मेहनतीने शिकलेले. यहुदी व्हायोलिनवादक याशा हायफेट्झ हे त्यांचं दैवत. युरोपात एखाद्या शहराचा वाद्यवृंद म्हटला की नगरपालिकेचं अनुदान, पगारी वादक आणि स्वतःचं सभागृह एवढं तरी गृहीत असतं. मेहलींच्या हाताशी यातलं फारसं काही नव्हतं. सुरुवातीची सुमारे दहा वर्षं ते पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीत बसले आणि पुढची दहा संचालकाच्या चौथऱ्यावर उभे राहिले. मधल्या काळात न्यूयॉर्कला जाऊन इव्हान गालामियान यांच्याकडे शिकूनही आले.

पण वाजवायला बसायचं कोणी? सिम्फनीला साठ-सत्तर माणसं लागतात, आणि सगळी स्टाफ नोटेशन वाचणारी. काही घरंदाज पारशी मंडळी हौसेने व्हायोलिन-पियानो वाजवत, तेवढ्यावर बेथोवन उभा राहत नाही. पितळी वाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधले वादक यायचे. आणि तंतुवाद्यांची खरी भिस्त होती ती गोंयकारांवर.

गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये पोर्तुगीज काळापासून पोरांना सूरवाचन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. कॅथलिक घरातला मुलगा बाराखडीबरोबर पंचरेषाही वाचायला शिके. पुढे पोटासाठी मुंबई गाठायची, धोबीतलावाच्या आसपास आपल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिघरात, पथारी टाकायची आणि हॉटेलच्या बँडमध्ये नाहीतर स्टुडिओत काम धरायचं, अशी ती वाट ठरलेली. सिम्फनी हा त्यांचा धंदा नव्हता. दिवसभर गाण्यांची रेकॉर्डिंगं, रात्री हॉटेलात नाचाचं संगीत, आणि त्यातून वेळ काढून ब्राम्स. या ऑर्केस्ट्राला ‘साहेबांचा शौक’ म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे सवय आहे. साहेब श्रोत्यांत असतीलही, पण खुर्च्यांवर बसलेली माणसं कष्टकरी होती.

त्याच मुंबईत कार्ल्सबादचे संगीतकार वॉल्टर काउफमन 1934 साली येऊन पोचले होते. पुढे ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले, रागसंगीतावर त्यांनी ग्रंथ लिहिले, आणि आकाशवाणीची ती ओळखधून त्यांचीच असं मानलं जातं. मेहली त्यांच्या चेंबर संगीताच्या मंडळातही वाजवत.

मेहलींचा मोठा मुलगा झुबिन 1936 चा, म्हणजे वाद्यवृंदाहून एका वर्षाने धाकटा. घरातच तालमी चालायच्या, त्यामुळे सुरांत तो अक्षरशः वाढला. 1952 मध्ये व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन भारतात आले. त्या काळात तालमींच्या वेळी हा पोरगेला झुबिन संचालकाच्या जागी उभा राहत असे. आईला वाटत होतं त्याने डॉक्टर व्हावं. दोन वर्षं वैद्यकाच्या वाटेवर काढून तो 1954 मध्ये व्हिएन्नाला गेला. तिथे कार्ल ब्यॉम यांच्या हाताखाली व्हिएन्ना फिलहार्मोनिकने वाजवलेली ब्राम्सची पहिली सिम्फनी त्याने ऐकली. तोवर ग्रामोफोनच्या तबकड्या आणि वडिलांचे हौशी-पोटार्थी वादक हाच त्याचा वाद्यवृंद. त्या नादाने तो हादरून गेल्याचं त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे.

मेहलींनाही मुंबई पुरेनाशी झाली. 1955 च्या सुमारास ते मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात, जॉन बार्बिरोली यांच्याकडे गेले. तिथून फिलाडेल्फिया, मग लॉस एंजेलिस. तिथे 1964 मध्ये त्यांनी अमेरिकन यूथ सिम्फनी हा तरुणांचा वाद्यवृंद काढला आणि नव्वदीला टेकेपर्यंत चालवला.

मुंबईत मागे राहिलेल्या वादकांची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे सिनेमातले मातब्बर व्हायोलिनवादक आणि अरेंजर. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. संगीत दिग्दर्शकाने पेटीवर गुणगुणलेली चाल साठ वादकांच्या कागदांवर उतरवायची, हे अरेंजरचं काम. गोन्साल्विसना ते पुरेसं वाटेना. 1958 मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना, आणि गायला लता मंगेशकर व मन्ना डे! स्टुडिओतल्या सहकाऱ्यांना बेथोवनऐवजी सारंग आणि तोडी वाजवायला बसवणं हे धाडसच होतं. पैशाचं पाठबळ मात्र मिळालं नाही. 1965 मध्ये ते अमेरिकेला सिरॅक्यूज विद्यापीठात गेले आणि सिनेमाचं जग त्यांनी सोडलं ते सोडलंच. ‘अमर अकबर अँथनी’मधलं त्यांच्या नावाचं गाणं ही प्यारेलालनी गुरूला दिलेली मानवंदना; पण ऐकणाऱ्या बहुतेकांना ते नाव गंमत म्हणून घातलंय असंच वाटत आलं.

मुंबईत आज पगारी वाद्यवृंद आहे. 2006 साली खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांनी एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. 2019 मध्ये तो ब्रिटनचा दौराही करून आला. तयारी, शिस्त, सभागृह, सगळं मेहलींच्या काळापेक्षा कितीतरी वरचं. पण खुर्च्यांवरचे बरेचसे वादक मध्य आशियातून आणि युरोपातून आलेले असतात. कारण सिंथेसायझरने स्टुडिओतली व्हायोलिनं ऐंशी-नव्वदच्या दशकांत गिळली, आणि बापाचं काम गेलेलं पाहून गोंयकारांची पुढची पिढी दुसऱ्या नोकऱ्यांत शिरली. एनसीपीए आता लहान मुलांसाठी संगीताची शाळा चालवतं. मुलं शिकतील; पण पुढे त्यांना रोज व्हायोलिन वाजवून घर चालवता येईल अशी दुसरी कुठली जागा या शहरात आहे, हा प्रश्न त्या शाळेला एकटीने सोडवता येण्याजोगा नाही.