मुलाखतीला जाताना म्हसवडच्या बायका आठवा

मुलाखत हा शब्द आपल्या घरांत परका नाही. अरबीतला ‘मुलाकात’ मराठीत आला आणि नोकरीच्या दारात जाऊन बसला. मूळ अर्थ साधाच, भेट. पण आमच्या हाताखालून शिकून गेलेली मुले या भेटीच्या नावानेच घाबरतात. लेखी परीक्षा पास होतात, फाइल घेऊन साताऱ्याला, पुण्याला जातात आणि चार माणसांसमोर बसली की तोंडाला कुलूप लागते. परत आल्यावर घरात एकच वाक्य ऐकू येते, ‘वशिला नव्हता.’ कधी ते खरे असते, पण दर वेळी नसते. अशा वेळी आम्ही मुलांना आपल्या म्हसवडचीच एक हकीकत सांगतो.

रिझर्व्ह बँकेच्या दारात

माण तालुका पर्जन्यछायेतला, दुष्काळी. इथे चेतना गाला सिन्हा यांनी कष्टकरी बायकांसाठी सहकारी बँक काढायचे ठरवले. रोजच्या कमाईतून थोडे थोडे पैसे बाजूला टाकू पाहणाऱ्या बायकांचे खाते उघडायलाही बँका तयार नव्हत्या, म्हणून ही धडपड. रिझर्व्ह बँकेकडे परवान्यासाठी अर्ज गेला आणि नामंजूर होऊन परत आला. कारण, प्रवर्तकांमध्ये अंगठा लावणाऱ्या निरक्षर बायका होत्या.

बायका खचल्या नाहीत. दिवसभर काम करून त्यांनी साक्षरतेचे वर्ग केले. काही महिन्यांनी त्या स्वतः मुंबईला रिझर्व्ह बँकेत गेल्या. साहेबांना त्यांनी सांगितले, की आम्हाला लिहिता-वाचता येत नव्हते, कारण आमच्या लहानपणी शाळाच नव्हती. पण हिशेब येतो. कोणत्याही रकमेचे व्याज काढायला सांगा, चुकलो तर परवाना देऊ नका. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता तेच गणित घाला आणि कोण आधी सांगते ते पाहा. 1997 साली परवाना मिळाला आणि माणदेशी महिला सहकारी बँक म्हसवडला उभी राहिली. पुढे 2018 साली दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत चेतनाताई सहअध्यक्षांपैकी एक होत्या.

ही मुलाखतच होती. त्या बायकांनी तीन गोष्टी केल्या. उणीव लपवली नाही. ती भरून काढायला काय केले, ते दाखवले. आणि जे पक्के येत होते, त्याची परीक्षा घ्या म्हणाल्या.

तयारी कशी करावी

पहिला प्रश्न बहुधा ‘स्वतःबद्दल सांगा’ हाच असतो. नाव, गाव, शिक्षण हे कागदावर असतेच. त्यापुढे आपल्याला काय करता येते, ते एका उदाहरणासह दोन मिनिटांत सांगता आले पाहिजे. दुकानाचा हिशेब सांभाळला असेल, शिकवण्या घेतल्या असतील, तर ते सांगायला लाजू नये. शिक्षकाच्या नोकरीसाठी जाणाऱ्याने एक छोटा पाठ तयार ठेवावा. फळा दाखवून ‘शिकवा’ म्हटले की उभे राहता आले पाहिजे.

गावावर प्रश्न हमखास येतो. म्हसवडच्या मुलाला माणगंगा, सिद्धनाथाची रथयात्रा, घोंगडी आणि इंग्रजी अमदानीत बांधलेला राजेवाडी तलाव ठाऊक असावा.

भाषेची अडचण आपल्या मुलांना जास्त. घरात दखनी, शाळेत उर्दू किंवा मराठी आणि समोरचे विचारतात इंग्रजीत. पाठ केलेले इंग्रजी दुसऱ्याच प्रश्नाला संपते. त्यापेक्षा ‘मराठीत सांगितले तर चालेल का?’ असे नम्रपणे विचारावे. जे येत नाही, त्याला ‘माहीत नाही, सर’ म्हणावे. थापा पकडल्या जातात.

आपल्या समाजावरचे प्रश्नही येतात. त्याने चिडू नये, दबूही नये. जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे रिक्षाचालकाचे चिरंजीव अन्सार शेख 2015 च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत 361 वे आले, तेव्हा वय 21. मुलाखतीत शिया की सुन्नी असे विचारल्यावर आपण भारतीय मुसलमान असल्याचे उत्तर दिले, असे त्यांनी नंतर सांगितले. त्या परीक्षेत 2025 पैकी 275 गुण मुलाखतीचे असतात.

घराने काय करावे

अब्बूंनी किंवा मोठ्या भावाने टेबलापलीकडे बसून प्रश्न विचारावेत. पहिल्या दिवशी मुले हसतील, चौथ्या दिवशी बोलू लागतील. मूळ प्रमाणपत्रे आणि झेरॉक्स आदल्या रात्रीच फाइलमध्ये लावावेत. ठिकाण दूर असेल तर पहाटेच्या एसटीवर विसंबू नये, आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे पोहोचावे.

मुलींबाबत जरा अधिक. बीएड झालेल्या कितीतरी मुली ‘सोबत कोण जाणार?’ एवढ्यावरच घरी बसतात. सोबत जरूर जा, पण बाहेर थांबा. ‘लग्नानंतर नोकरी कराल का?’ हा प्रश्न तिला विचारला जाणार, आणि उत्तर तिनेच द्यायचे आहे. ते तिला ठामपणे देता यावे, म्हणून घरातली बोलणी आधीच होऊ द्या.

मुलगा-मुलगी परतल्यावर ‘झालं का काम?’ असे लगेच विचारू नका. ‘काय काय विचारलं?’ असे विचारा आणि ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या मुलाखतीला ती वही कामी येईल, आणि मोहल्ल्यातल्या दुसऱ्या मुलांनाही.