फुकटची पिशवी महागात पडते



ऊस, खत, पाणी आणि भाव या विषयांवर या पानांतून आपण नेहमीच बोलतो. या खेपेचा विषय थोडा निराळा आहे, पण तो आता आपल्या बांधावर येऊन ठेपला आहे. बाजारातून येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, चहाचे पेले, थर्माकोलच्या ताटल्या, पाण्याच्या छोट्या बाटल्या, असे एकदा वापरायचे आणि फेकून द्यायचे प्लास्टिक कमी करणे आपल्याच हिताचे कसे आहे, ते आपण पाहू.

कशेळीच्या खाडीवर

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले की खाडीवर कशेळीचा पूल लागतो. पूल ओलांडला की कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावे आणि मैलोगणती गोदामे. मुंबई हाकेच्या अंतरावर, पण मुंबईची जकात मात्र लागत नाही, या सोयीमुळे व्यापाऱ्यांनी इथे गोदामे बांधली. २०१७ साली मुंबईची जकात गेली, पण गोदामे वाढतच राहिली, कारण घरबसल्या मोबाईलवरून माल मागवण्याची चाल पडली. आपल्या गावात टेंपोने येणारी एखादी वस्तू याच पट्ट्यातून निघालेली असण्याचा बराच संभव आहे.

अशा गोदामात माल येतो तेव्हा थप्पीभोवती पातळ प्लास्टिक गुंडाळलेले असते. माल उतरला की ते फाडून टाकायचे, म्हणजे त्याचे आयुष्य एका प्रवासापुरते. मग एकेका वस्तूला पुन्हा नवे आवरण चढते आणि ते आपल्या ओसरीवर येऊन फाटते. यातले जे गोळा होत नाही, ते नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जाते. खाडीचा न्याय मोठा चमत्कारिक! ओहोटीला गेलेले भरतीला परत येते. पिशव्या खारफुटीच्या मुळांना अडकून बसतात आणि कोळी बांधवांच्या जाळ्यात मासळीबरोबर प्लास्टिकही येते.

कोणी म्हणेल, "खाडी तिकडं लांब, आपला काय संबंध?" संबंध असा की, ओढ्यात टाकलेली पिशवी कुठे तरी अडतेच. चारीत अडेल, मोरीत अडेल, बंधाऱ्याच्या दारात अडेल. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस कोणत्याही गटाराला झेपला नसता हे खरे, पण पाणी तुंबण्याच्या कारणांत पिशव्यांनी बुजलेल्या गटारांचाही समावेश होता. बांगलादेशानेही पुरांचा असाच अनुभव घेऊन २००२ साली पातळ पिशव्यांवर देशभर बंदी घातली.

गोठा आणि उकिरडा

आता आपल्या दाराशी येऊ. उरलेली भाजी, शिळी भाकरी पिशवीत बांधून गाठ मारून फेकण्याची सवय लागली आहे. गाई-म्हशीला, ऊसतोडीच्या बैलाला ती गाठ सोडता येत नाही. वासाने जनावर पिशवीसकट खाते. प्लास्टिक पचत नाही, पुढेही सरकत नाही. कोटीपोटात त्याचा गोळा होत जातो. मग जनावर चारा सोडते, रवंथ मंदावते, पोट फुगते. शेवटी शस्त्रक्रिया करावी लागते आणि उशीर झाला तर दावणीचे जनावर जाते.

दुसरे नुकसान रानाचे. घरचा केर उकिरड्यावर जातो आणि उकिरडा शेणखत होऊन शेतात. शेण कुजते, पाचट कुजते, पिशवी मात्र तशीच नांगराखाली जाते. मातीत तिचा थर झाला की तिथे पाणी नीट मुरत नाही आणि मुळीला वाट मिळत नाही. उन्हाने तिचे तुकडे होतात म्हणून ती संपली असे समजू नये. तुकडे बारीक होतात इतकेच, आणि ते वेचणे मग कोणाच्याच हाती राहत नाही. पेटवून देणे हाही इलाज नव्हे, त्याचा विषारी धूर आधी आपल्याच नाकातोंडात जातो.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लास्टिकच्या हातपिशव्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने देशभर प्लास्टिकचे चमचे, पेले, ताटल्या, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यावरचे आवरण अशा वस्तू बंद केल्या. केंद्राच्या नियमात पिशवीची जाडी १२० मायक्रॉनहून कमी चालत नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाडीवर भर देण्याचे कारण व्यवहारी आहे. पातळ पिशव्या कितीही वेचल्या तरी वजन भरत नाही, म्हणून भंगारवाला त्या उचलत नाही. ज्याला मोल नाही ते रस्त्यावरच राहते.

काखेत कळसा

आपल्याकडे यावर उपाय नाही काय? आहे, आणि तो आपल्याच शेतातून निघतो. एक टन ऊस गाळला की सुमारे २८० ते ३०० किलो ओला बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड निघते. यातला बहुतेक बॉयलरला आणि वीजनिर्मितीला लागतो. पण याच चिपाडाचा लगदा करून, साच्यात दाबून, उष्णता देऊन ताटल्या आणि वाट्या तयार होतात आणि त्या बाजारात मिळतात. वापर झाला की त्या खतात कुजतात. ऊस आपला, चिपाड आपले आणि लग्नाच्या पंगतीत ताटली मात्र थर्माकोलची, हे काही शोभत नाही. चिपाडाची ताटली थर्माकोलपेक्षा महाग पडते, हे आम्ही लपवीत नाही. म्हणून रोजच्या वापराला ती नकोच. रोजच्याला घरची स्टीलची भांडी आणि पंगतीला पळसाच्या पत्रावळी याहून स्वस्त काय आहे? कागदी पेल्याला भुलू नये, त्याच्या आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो.

पिशवीचेही तेच. पूर्वी साखर शंभर किलोच्या तागाच्या पोत्यात भरली जाई आणि रिकाम्या पोत्याची खोळ करून पावसात माणसे भांगलण करीत. १९८७ च्या कायद्याखाली आजही साखरेचा काही हिस्सा तागाच्या पोत्यात भरावा लागतो. सवलतीची साखर न्यायला येताना आपण घरून पिशवी आणतोच ना? कारखान्याच्या गेटवर जमते, ते बाजारात का जमू नये?

एवढे करून पाहू

१. सायकल, मोटारसायकल, बैलगाडी, जे वाहन असेल त्याला एक कापडी पिशवी कायमची अडकवून ठेवावी. घरी राहिलेल्या पिशवीचा बाजारात उपयोग नाही.

२. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तुकडा वेगळा पाडू नये. तो पुन्हा हाती लागत नाही. रिकाम्या पिशव्या धुऊन, साठवून भंगारात द्याव्यात.

३. शिळे अन्न पिशवीत बांधून टाकू नये. उकिरड्यात प्लास्टिक जाऊ देऊ नये आणि खत भरण्यापूर्वी ते वेचून काढावे.

४. देवस्थान, तरुण मंडळ किंवा महिला मंडळाने पंगतीची स्टीलची भांडी घ्यावीत व माफक भाड्याने द्यावीत. वर्षभराच्या लग्न-बारशांचा कचरा वाचेल आणि मंडळाला चार पैसे मिळतील.

५. ऊसतोडीच्या टोळ्यांना पाण्यासाठी कळशी किंवा मोठा जार द्यावा, म्हणजे फडात बाटल्या पडणार नाहीत.

सहकार म्हणजे एकट्याला न झेपणारे काम सर्वांनी मिळून करणे, हे आपल्या सभासदांना आम्ही काय सांगावे! एका घरची पिशवी थांबली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. एका गावाची थांबली, तर पुढच्या पावसाळ्यात ओढ्याच्या मोरीपाशी उभे राहून कोणालाही पाहता येईल. तेव्हा येत्या बाजाराला पिशवी घेऊन निघावे, ही सर्व सभासदांना आमची आग्रहाची विनंती.