गाठीच्या दारावरची पाटी

मूत्रपिंडाचा कर्करोग शरीरभर पसरला की दोन जुने उपाय बोथट ठरतात. नेहमीची केमोथेरपी त्याला फारशी जुमानत नाही. आणि गाठी फुप्फुसांत, हाडांत विखुरल्यावर बाहेरून किरण द्यायचे तरी कुठे कुठे? नात्यातल्या एका रुग्णाची फाइल चाळताना मला हा प्रश्न पडला.

उत्तराचा धागा पेशीच्या गैरसमजात आहे. या रोगाच्या ‘क्लिअर सेल’ या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात व्हीएचएल हे जनुक बहुधा निकामी झालेले असते. त्यामुळे प्राणवायू पुरेसा असूनही पेशीला तो कमी पडतो आहे असे वाटते आणि ती आपल्या पृष्ठभागावर ‘सीए-नाइन’ हे विकर आणून ठेवते. निरोगी मूत्रपिंडात ते नसते. म्हणजे गाठीने स्वतःच दारावर पाटी लावली! ती ओळखणारे जी-२५० हे प्रतिपिंड नेदरलँड्समधील संशोधकांनी १९८६ मध्ये मांडले. मानवी शरीराला मानवेल असे त्याचे रूप म्हणजे ‘गिरेंटुक्सिमॅब’.

नुसते पाटी वाचून गाठ मरत नाही, म्हणून प्रतिपिंडाला ल्युटेशियम-१७७ जोडतात. त्याचे बीटा कण शरीरात जेमतेम दोन मिलिमीटर जातात. अर्धायुष्य साडेसहा दिवसांहून किंचित अधिक. हे ल्युटेशियम परके नाही. ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत ते तयार होते आणि प्रोस्टेटच्या कर्करोगावर आपल्याकडे वापरले जाते. ट्रॉम्बेहून निघालेली कुपी घाट चढून पुण्यात येईपर्यंतही तिचे घड्याळ चालूच असते.

मग अडते कुठे? प्रतिपिंड हा मोठा रेणू. तो रक्तात कित्येक दिवस फिरत राहतो आणि तेवढा वेळ अस्थिमज्जेला किरण सोसावे लागतात. नेदरलँड्समधील नायमेखन येथील २०१६ च्या अहवालात १४ रुग्ण होते. पहिल्या डोसनंतर आठ जणांचा आजार स्थिरावला, एकाच्या गाठी आक्रसल्या. सहा जणांना दुसरा डोस मिळाला. तिसरा मात्र कोणालाच देता आला नाही, कारण प्लेटलेट सावरल्याच नाहीत.

आता इम्युनोथेरपीच्या जोडीने हे किरण देऊन पाहण्याच्या चाचण्या अमेरिकेत सुरू झाल्या आहेत. तोवर हा रुळलेला उपचार नव्हे, प्रयोगच आहे. रुग्णाच्या घरच्यांना हे स्पष्ट सांगावे; आशा दाखवावी, पण तिची सीमाही दाखवावी, असे मला वाटते.