उंबरठ्याबाहेरचा ग्राहक

खरेदी आटोपली की दुकानदार कार्डाचे यंत्र पुढे करतो आणि ग्राहक आपला गुप्त क्रमांक दाबून मोकळा होतो. बटणांच्या यंत्रावर पाचाच्या आकड्यापाशी एक बारीक उंचवटा असतो. त्याच्या आधाराने अंध मनुष्यही बाकीचे आकडे बोटांनी शोधून काढतो. परंतु अलीकडे पुष्कळ यंत्रांत बटणांची जागा गुळगुळीत काचेने घेतली आहे. काचेवर बोटाला काहीच लागत नाही. मग जो क्रमांक कोणालाही सांगू नये असे बँक बजावते, तोच अंध ग्राहकाला दुकानदाराच्या कानात सांगावा लागतो. यात दुकानदाराचा दोष नाही. यंत्र घडविणाऱ्याला या ग्राहकाची आठवणच झाली नाही, हा खरा दोष.

अशा विस्मरणाविरुद्ध आपल्या देशात कायदा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यातील ‘आस्थापना’ या शब्दात सरकारी कचेऱ्यांबरोबर खासगी व्यवसायही येतात. नित्य वापराची विद्युत उपकरणे आणि ग्राहकोपयोगी वस्तू सर्वांना वापरता येतील अशा घडाव्यात, यासाठी सरकारने उपाय योजावेत असे कलम ४२ व ४३ सांगतात. कलम ४६ अधिक स्पष्ट आहे: सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, नियम जाहीर झाल्यापासून दोन वर्षांत त्याने सेवा सुगम्य केली पाहिजे. नियम १५ जून २०१७ रोजी निघाले. म्हणजे मुदत २०१९ सालीच संपली. उल्लंघनाबद्दल प्रथम १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढे ५०,००० ते ५ लाख रुपये दंड आहे.

मग पायऱ्या आणि काचा जागच्या जागी का राहिल्या? कायदा ‘केलेच पाहिजे’ म्हणतो. नियम १५ ने मात्र ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखविले, त्यांची भाषा बहुतांशी ‘केल्यास बरे’ अशी होती. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमकी हीच विसंगती दाखवून त्या नियमाचा मुख्य भाग रद्द ठरविला आणि सक्तीचे नियम शिफारशींपासून वेगळे काढून तीन महिन्यांत करावेत, असा आदेश दिला.

पुढे ३० एप्रिल २०२५ चा निर्णय आला. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या एका महिलेला बँकेत खाते उघडताना कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटून दाखवावयास सांगण्यात आले होते. तिच्या डोळ्यांना ते शक्यच नव्हते. जिवंतपणाचा पुरावा म्हणून पापणीच हवी, हा हट्ट यंत्राचा! डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे सांगून न्यायालयाने २० निर्देश दिले.

व्यापाऱ्यांची अडचण खोटी नाही. १ : १२ या प्रमाणाच्या उतारासाठी १५ सेंटिमीटरच्या एका पायरीपुढे १.८० मीटर जागा लागते, आणि जुन्या पेठेत तेवढा पदपथही नसतो. पण नव्या इमारतीला ही सबब नाही: सुगम्यतेचे नियम न पाळता बांधकामाची परवानगी वा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे कलम ४४ म्हणते. यंत्रांचेही तसेच. नवी ए.टी.एम. यंत्रे बोलकी व ब्रेल कळांची असावीत, हे रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०१४ पासून बंधनकारक केले होते. काच त्यानंतर आली.

ज्यांना अडथळा येतो, त्यांना आपापल्या राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यास आहे. केंद्राच्या अखत्यारीतील बाबींसाठी नवी दिल्लीस मुख्य आयुक्त आहेत. तक्रारीत ठिकाण, तारीख आणि नेमके काय करता आले नाही, एवढे स्पष्ट लिहावे.